एका वस्तूला एक नांव

एका फोनवरचें इंटरनेट जवळच्या दुसऱ्या फोनला कसें द्यावें, हें सांगणारें दहा-बारा ओळींचें टिपण मराठींत लिहावयाचें म्हटलें, तर काम अगदीं सोपें वाटतें. फोन हातांतला, बटणें ओळखीचीं, करावयाची कृतीहि दोन मिनिटांची. परंतु पहिल्याच ओळीला लेखणी अडते. इंटरनेटला इंटरनेटच म्हणावें, कीं आंतरजाल, महाजाल, माहितीजाल यांतून एक शब्द घ्यावा? तें दुसऱ्या फोनला द्यावयाचें, वाटावयाचें, कीं सामाईक करावयाचें? पासवर्ड लिहावा, संकेतशब्द लिहावा, कीं परवलीचा शब्द? आणि कशीबशी दोन वाक्यें लिहून झालीं, कीं तोच शब्द तिसऱ्यांदा येऊं नये म्हणून आपला सुशिक्षित हात सवयीनें नवा पर्याय शोधूं लागतो. पुनरुक्ति हा दोष आहे हें आपण शाळेंत शिकलेलों असतों, आणि ज्या परंपरेंत मुलांकडून अमरकोश पाठ करून घेत, तिला समानार्थी शब्दांची श्रीमंती हें भूषणच वाटणार. निबंधांत तें भूषण असेलहि. पण ज्याच्या एका हातांत कागद आणि दुसऱ्या हातांत फोन आहे, त्या वाचकाला या श्रीमंतीचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

शब्दनिवडीचा हा पेंच आजचा नाहीं. कोल्हापूरकरांना तर तो मुळींच नवा वाटूं नये. या नगरीच्या इतिहासांत तो पुनःपुन्हां पडलेला आहे, आणि प्रत्येक वेळीं तो कसा सुटला किंवा सुटला नाहीं, हें पाहिल्यावांचून आजच्या टिपणाचा निकाल लावतां येईल असें मला वाटत नाहीं.

शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला. त्याच काळांत रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे एक विलक्षण काम सोंपविण्यांत आलें: कारभारांत रुळलेल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावयाचे. धुंडिराज व्यासांच्या साह्यानें सिद्ध झालेला हा राज्यव्यवहारकोश सुमारे १४०० शब्दांचा असून श्लोकबद्ध आहे. त्याचे दहा वर्ग आहेत. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग हे त्यांतले कांहीं. बांधणी अमरकोशाच्या वळणाची, परंतु हेतु अगदीं निराळा. अमरकोश एका वस्तूचीं अनेक नांवें सांगतो. राज्यव्यवहारकोश चालू नांव काढून त्या जागीं दुसरें नांव बसवूं पाहतो. पहिला ग्रंथ कवीच्या उशाशीं शोभतो, दुसरा कारकुनाच्या बैठकीवर. आपण समानार्थी शब्द शोधतों तेव्हां या दोहोंपैकीं कोणतें काम करीत आहोंत, हें पुष्कळदां आपल्यालाच ठाऊक नसतें.

पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापति. पुढें या शब्दांचें नशीब सारखें निघालें नाहीं. बाळाजी विश्वनाथ व बाजीराव यांच्या शिक्क्यांत मुख्य प्रधान अशींच अक्षरें आहेत, तरी लोकांनीं त्यांना पेशवेच म्हटलें आणि इतिहासकारांनींहि लोकांचेंच ऐकलें. उलट अमात्य आणि सचिव हे शब्द वतनदार घराण्यांना असे चिकटले कीं बावड्याचे पंत अमात्य व भोरचे पंत सचिव हीं नांवें थेट संस्थानी काळापर्यंत चालत आलीं. सरनोबत आणि मुजुमदार हे शब्द पदांवरून उतरले खरे, पण नाहींसे झाले नाहींत. ते आडनांवांत जाऊन राहिले. शब्दाला घालवून देणें हें माणसाला घालवून देण्याइतकेंच अवघड असतें.

बावड्याच्या याच अमात्य घराण्यांतील रामचंद्रपंतांचें उदाहरण तर मोठें मौजेचें आहे. १६८९ सालीं राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हां महाराष्ट्रांतला कारभार रामचंद्रपंतांवर सोंपवून त्यांना हुकुमतपनाह असा किताब दिला गेला. राज्याभिषेकाला अवघीं पंधरा वर्षें झालीं होतीं. म्हणजे कोशानें शुद्ध करून दिलेलें अमात्यपद आणि अस्सल फार्सी किताब हीं दोन्ही एकाच पुरुषाच्या अंगावर एका वेळीं नांदत होतीं, आणि कोणालाहि त्यांत विसंगति वाटली असें दिसत नाहीं. पुढें १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत, रामचंद्रपंतांच्या नांवानें ओळखलें जाणारें आज्ञापत्र सिद्ध झालें. राज्य कसें चालवावें याचें तें मार्गदर्शनच होय. आजच्या भाषेंत त्याला मार्गदर्शिका म्हणतील. त्यांत दुर्गांवर एक प्रकरण आहे आणि आरमारावर एक. दुर्ग हा शब्द संस्कृत. आरमार हा पोर्तुगीजांच्या आर्मादावरून आलेला. पंतांनीं दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं बसूं दिले. ज्याला गलबतें बांधून घ्यावयाचीं आहेत आणि ज्याला तीं बांधावयाचीं आहेत, त्या दोघांनाहि आरमार हा शब्द कळत होता. त्यापुढें कुळाची चौकशी कशाला?

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १६२८, १६७७ व १७२८ या तीन सालांचे कागद घेऊन त्यांतील फार्सी शब्दांचें प्रमाण मोजलें होतें. पहिल्यांत तें शेंकडा ८५ च्या आसपास, दुसऱ्यांत ३७ आणि तिसऱ्यांत अवघें ६ आढळलें. कोशाच्या यशाचा पुरावा म्हणून हे आंकडे नेहमीं सांगितले जातात. मूठभर कागदांवरून शतकाची भाषा मोजणें मला धाडसाचें वाटतें. कागद, जमीन, वकील, तारीख, शिक्का, किल्ला हे शब्द आजहि आपल्या तोंडीं आहेतच. परंतु कोश निष्फळ झाला असेंहि म्हणवत नाहीं. त्यांतले कांहीं शब्द दोनशें वर्षें निजून राहिले आणि विसाव्या शतकांत जागे झाले. आज मंत्रालयांत सचिव बसतात आणि दिल्लींत पंतप्रधान.

यानंतरचा कोल्हापुरांतला प्रसंग राजाराम कॉलेजांतला. माधव जूलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन हे तेथें फार्सीचे अध्यापक होते. मराठींत गज्जल रुजविणारे कवि म्हणून त्यांची ओळख आहे. १९२५ सालीं त्यांनीं फार्सी-मराठी कोश सिद्ध केला. १९३६ सालीं जळगांवच्या साहित्य-संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आणि याच गृहस्थांनीं १९३८ सालीं भाषाशुद्धि-विवेक हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं त्यांचें निधन झालें. फार्सीच्या पंडितानें मराठींतले फार्सी शब्द काढावयास निघावें याचें त्या वेळीं अनेकांना आश्चर्य वाटलें, तें स्वाभाविक होतें. मला मात्र त्यांत एक संगति दिसते. ज्याला शब्दाची छटा ठाऊक आहे तोच त्याच्या जागीं दुसरा शब्द सुचविण्याचा अधिकारी. नुसती यादी समोर ठेवून एका शब्दाच्या जागीं दुसरा चिकटविणाराला शब्दाचें वजन कळत नाहीं. ग्रंथाच्या नांवांतील विवेक हा शब्द सहज पडलेला नसावा.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या भागांत एक अगदीं नवी विद्या आपल्यासाठीं शब्द शोधीत होती. बाबूराव पेंटर यांच्यापासून कोल्हापूर हें चित्रपटाचें माहेर झालें होतें. १९२९ सालीं येथेंच प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि अयोध्येचा राजा हा मराठींतला पहिला बोलपट १९३२ सालीं येथूनच बाहेर पडला. प्रभात पुण्यास गेल्यावर १९३६ मध्यें मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांनीं हंस पिक्चर्स काढली. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंतून १९३७ सालीं मुक्त झाल्यानंतर सावरकर हंसच्या कलागारांत आले असतां तेथील सगळ्या पाट्या इंग्रजी पाहून त्यांनीं मराठी शब्द सुचविले, अशी आठवण सांगतात. दिग्दर्शक, संकलन, मध्यंतर हे शब्द त्यांच्या नांवावर सांगितले जातात. दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनि व नभोवाणी हेहि त्यांचेच म्हणून प्रसिद्ध आहेत.

आठवणींतला तपशील बाजूस ठेवला तरी पाट्यांची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दिग्दर्शक हा शब्द जगला, कारण तो एका दारावर लागला आणि प्रत्येक चित्रपटाच्या आरंभीं एका माणसाच्या नांवाआधीं पडद्यावर उमटूं लागला. मध्यंतर जगला, कारण तो शब्द दिसला कीं लोक चहाला उठत. परंतु त्याच जागेंतला कॅमेरा कॅमेराच राहिला. बाबूराव पेंटरांनीं तो स्वतःच्या हातांनीं येथें तयार केला, तरीहि त्याचें नांव बदललें नाहीं. जयप्रभा हें नांव संस्कृत, पण त्यामागें शब्द राहिला तो स्टुडिओ. माणसाच्या पदाचें नांव हुकमानें बदलतां येतें, कारण पद देणारा कोणी तरी असतो. हातांत येणारें यंत्र मात्र बहुधा आपलें नांव घेऊनच घरांत शिरतें. पेशवा या शब्दानें हा नियम मोडला हें खरें, पण भाषेचे नियम मोडण्याइतपतच पक्के असतात.

शिवाजी उद्यमनगरांतल्या एखाद्या कारखान्यांत क्षणभर डोकावलें तर हीच गोष्ट कोणत्याहि मंडळाच्या ठरावावांचून घडलेली दिसते. लेथ हा लेथच आहे. पण त्याच्या शेजारीं कानस आहे, छिन्नी आहे, पान्हा आहे; भट्टींतला रस सांच्यांत ओततात आणि ओतीव लोखंडाला बीड म्हणतात. ज्या वस्तूला आपल्याकडे नांव होतें तेथें तें टिकलें, जी नव्यानें आली तिचें नांव तिच्याबरोबर आलें. कोणी शुद्धि केली नाहीं आणि कोणाची गैरसोयहि झाली नाहीं.

सरकारी पातळीवर हा प्रयोग महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पुन्हां मोठ्या प्रमाणावर झाला. १९६० सालीं भाषा संचालनालय निघालें, १९६२ मध्यें पदनाम कोश प्रसिद्ध झाला. त्याच्यावर आचार्य अत्रे यांनीं बदनाम कोश म्हणून झोड उठविली, ती गोष्ट सर्वश्रुत आहे. तरी जिल्हाधिकारी हा शब्द लोकांच्या अंगवळणीं पडलाच. पाटीवर तो वाचावयाचा आणि रिक्षावाल्याला मात्र कलेक्टर ऑफिस म्हणून सांगावयाचें, अशी वाटणी झाली आहे. दूरध्वनीचेंहि तेंच. लग्नपत्रिकेवर भ्रमणध्वनि छापतात, आणि त्यावर बोलतांना फोन आला असें म्हणतात. एकच वस्तु दोन नांवांनीं वावरली म्हणून लग्नपत्रिकेचें कांहीं बिघडत नाहीं. कृति सांगणाऱ्या लेखाचें बिघडतें.

आतां त्या लेखाकडे येऊं. हिंदुस्थानांत इंटरनेट सर्वसामान्यांना खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. फोननें स्वतःच दुसऱ्या फोनला वायफायवरून इंटरनेट पुरवावें ही सोय अँड्रॉइड फोनांत २०१० पासून अंगभूत झाली. त्या वेळीं फोन मनोऱ्याकडून लाटा घेतो आणि आपल्या भोंवतीं स्वतःच्या लहानशा लाटा पसरतो. दुसरा फोन त्या पकडतो. या कृतीला इंग्रजींत टेदरिंग म्हणतात. जनावराला खुंट्याला दाव्यानें बांधणें हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपल्या दावें या शब्दाचा तो सख्खा भाऊच म्हणावयाचा. तारेनें जोडलेल्या फोनला तो शोभतो. तार नसेल तेथें दावें दिसत नाहीं आणि खेडेगांवच्या माणसालाहि तें सांगून कांहीं उलगडा होत नाहीं. म्हणून मूळ अर्थ कितीहि गोड असला तरी तो शब्द सोडावा हें बरें. हॉटस्पॉटचें भाषांतर करून उष्णस्थळ म्हणणें हा तर विनोदच होईल. ब्लूटूथ हें दहाव्या शतकांतील हॅराल्ड नांवाच्या डॅनिश राजाचें टोपणनांव. त्याच्या नांवाच्या दोन आद्याक्षरांचीं जुनीं चिन्हें जोडून तें निशाण केलें आहे. कोणी त्याला थट्टेनें नीलदंत म्हणतात. विशेषनामाचें भाषांतर करूं नये, हें आपण माणसांच्या बाबतींत पाळतों, तें येथेंहि पाळावें.

खरी अडचण क्रियापदाची आहे. शेअर करा याला वाटा म्हणावें, तर वाटणी म्हटल्याबरोबर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें भाऊबंदकी उभी राहते. शिवाय वाटलेल्या वस्तूचा आपला वांटा वेगळा निघतो, तसें येथें होत नाहीं. सामाईक म्हणावें, तर तो शब्द सात-बाराच्या उताऱ्यांतला आहे. सामाईक विहीर म्हणजे जिच्यावर दोघांचाहि हक्क आहे ती. शेजारच्या मुलाला तासाभरासाठीं इंटरनेट देणाऱ्या गृहस्थानें असा हक्क लिहून दिलेला नसतो. उसनें द्या म्हणावें, तर उसनी साखर परत येते, हें परत येत नाहीं. दुसऱ्या फोननें जें वापरलें तें पहिल्या फोनच्या पॅकमधून कायमचें गेलें. एकेक शब्द असा हातीं घेऊन पाहिला म्हणजे कळतें कीं हे समानार्थी शब्द नव्हतच. प्रत्येकाच्या पोटांत एक निराळा करार आहे. मला जोडणें हा शब्द पटतो. तो हातानें काय करावयाचें तेवढेंच सांगतो आणि हक्काविषयीं मौन पाळतो.

पासवर्डची गोष्ट थोडी निराळी. संकेतशब्द हा शब्द चांगला घडवलेला आहे, परंतु संकेतस्थळ, संकेतांक यांच्या रांगेंत तो उभा राहिला कीं नवख्या वाचकाला तिन्ही चेहरे सारखेच दिसतात. परवलीचा शब्द मात्र पहाऱ्यावरचा आहे. रात्रीं येणारा आपला कीं परका हें ओळखण्यासाठीं तो विचारला जाई, आणि तो सगळ्यांना सांगून ठेवला तर पहाऱ्याला अर्थ उरत नसे. पासवर्ड म्हणजे काय, आणि तो वाटेल त्याला कां सांगूं नये, हीं दोन्ही उत्तरें त्या एका शब्दांत आहेत. म्हणून अर्थ सांगतांना एकदां तो जरूर वापरावा. पण फोनच्या पडद्यावर पासवर्ड असें लिहिलेलें असतें. तेव्हां पुढें सर्वत्र पासवर्डच ठेवावा.

कारण मुख्य संकट पुढेंच आहे. २०२० सालीं शाळा बंद पडून वर्ग फोनवर भरूं लागले, तेव्हां अनेक घरांत इंटरनेट असलेला फोन एकच होता. समजा, अशा घरांत आई-वडील कामावर गेले आहेत आणि आजी नातवाच्या फोनला इंटरनेट जोडून देत आहे. तिच्या हातांतल्या कागदावर पहिल्या ओळींत हॉटस्पॉट चालू करा असें आहे, तिसरींत जोडणी-केंद्राचें नांव पहा, आणि पांचवींत आंतरजाल-बिंदु बंद करा. लेखकानें भाषेला सौंदर्य आणलें. आजी तीन निरनिराळीं बटणें शोधीत बसली, आणि तोंवर तिकडे हजेरी होऊन गेली. येथें पुनरुक्ति हा गुण आहे आणि पर्यायाची हौस हा दोष. पडद्यावर असलेला शब्द जसाच्या तसा राखावा. बाकीचें सारें, म्हणजे क्रियापदें आणि समजावणी, घरांत बोलतात त्या मराठींत असावें. रामचंद्रपंतांनीं दुर्ग आणि आरमार शेजारीं बसविले, त्याच रीतीनें.

तेव्हां तें टिपण मी असें लिहीन. त्यांत फोन हा शब्द कंटाळा येईपर्यंत येतो, तो तसाच येऊं द्यावा.

ज्या फोनवर इंटरनेट चालू आहे तो पहिला फोन. ज्याला तें हवें आहे तो दुसरा फोन. पहिल्या फोनच्या सेटिंगमध्यें हॉटस्पॉट हा शब्द शोधावा आणि हॉटस्पॉट चालू करावा. तेथेंच हॉटस्पॉटचें नांव आणि पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, दिसेल. दोन्ही कागदावर लिहून घ्यावीं. मग दुसऱ्या फोनचें वायफाय चालू करावें. थोड्या वेळानें नांवांची यादी दिसेल. तींत कागदावर लिहिलेलें नांव सांपडलें कीं त्यावर बोट ठेवावें आणि पासवर्ड घालावा. इंग्रजी अक्षर कागदावर मोठें असेल तर मोठें, लहान असेल तर लहान घालावें. नाहीं तर फोन तो स्वीकारीत नाहीं. दोन्ही फोन शक्य तों एकाच खोलींत ठेवावे. दुसऱ्या फोनवर जें पाहिलें जाईल त्याचा खर्च पहिल्या फोनच्या पॅकमधून होतो. म्हणून काम संपतांच पहिल्या फोनचा हॉटस्पॉट बंद करावा.